पाटीवरची शेवटची ओळ

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. तुम्ही मांडीवर घेऊन अंक गिरवता ती नव्हे. इमारतीच्या भिंतीला खिळ्यांनी ठोकतात आणि जिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, ती. दोन हात लांब, हातभर रुंद, अस्सल सागवानी. माझ्या तोंडावर रंगाचे चार थर आहेत आणि पाठीवर सरकारी लाखेचा डाग आहे. तो डाग कसा पडला ते सांगते. गोष्ट गोड नाही. गोड ऐकायची असेल तर एखाद्या फुलदाणीकडे जा.

उज्जैनला गोपाळमंदिरापासून हाकेच्या अंतरावर माझी इमारत होती. तळमजला धरून चार मजले, म्हणून सगळे तिला चौमंजिला म्हणत. आज तुम्हाला चार मजल्यांचं कौतुक वाटणार नाही. पण ती बांधून झाली तेव्हा, म्हणजे स्वराज्य यायच्या आदल्या वर्षी, टांगेवाले घोडा थांबवून वर बघत. दरबारी राजवट होती. दरबारच्या बांधकाम खात्यानं गावातल्या नोकरमाणसांसाठी ती बांधली होती. कारकून, मास्तर, टपालवाले, रेल्वेवाले. बहुतेक घरं मराठी. काहींचे पणजोबा शिंद्यांच्या फौजेबरोबर दप्तर घेऊन आलेले, काही कालपरवा सातारा-पुण्याकडून बदली होऊन आलेले. दोघेही एकमेकांच्या मराठीला हसत आणि भांडताना हिंदीत शिरत.

सगळ्यात वरच्या मजल्याला रस्त्याच्या अंगानं लांबलचक लाकडी गॅलरी होती. तिच्याखाली चार तुळया. त्या कापल्या माणिक मिस्त्रीनं. शेवटच्या ओंडक्यातून कोपऱ्याची तुळई निघाली आणि उरलेल्या फळीतून मी. म्हणजे ती तुळई माझी सख्खी बहीण. तिच्या नशिबी ओझं आलं, माझ्या नशिबी बोलणं. दोघींपैकी कोणाचं जास्त वाया गेलं, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

माणिक मिस्त्री फार बोलणारा नव्हता. त्यानं ओवरसियरला एवढंच सांगितलं, "साहब, कोनेवाली का सिरा कच्चा है. पानी से बचाना."

ओवरसियर होते श्रीकांत गडकर. शिडशिडीत, तिरसट, पण कामाचे पक्के. ते म्हणाले, "मग हे लिहूनच लावू. सांगितलेलं माणूस विसरतो." आणि माझ्यावर पांढऱ्या रंगात काळी अक्षरं उमटली, वर हिंदीत, खाली मराठीत: सावधान. या गॅलरीत एका वेळी बारापेक्षा जास्त माणसांनी उभे राहू नये. जीवास धोका आहे. कोपऱ्यात पाणी सांडू नये. लाकडास चीर अथवा ओल दिसल्यास ताबडतोब कळवावे. आणि सगळ्यात खाली शेवटची ओळ: जबाबदार, श्रीकांत गडकर, ओवरसियर.

गॅलरीच्या दाराशेजारी, बाहेरच्या भिंतीवर मला ठोकलं. रस्त्यावरूनही मी दिसे. दर वर्षी श्रावण लागायच्या आधी गडकर हातोडी घेऊन येत, चारही तुळया ठोकून आवाज ऐकत, आणि माझ्या कोपऱ्यात खडूनं एक बारीक खूण करीत. येणारेजाणारे म्हणत, काय झकास पाटी आहे! मला तेव्हा वाटे, सगळं जग असंच चालतं. बोलायचं एकानं, ऐकायचं दुसऱ्यानं, आणि खाली सही तिसऱ्याची.

ते सुख दोन पावसाळे टिकलं.

स्वराज्य आलं. चौमंजिल्यावर झेंडा लागला, जिलेबी वाटली गेली. पुढच्या वर्षी संस्थानं विलीन झाली, मध्यभारत झाला, आणि गडकरांना ग्वाल्हेरीकडे बोलावून घेतलं. मग एक पेंटर आला. त्यानं माझ्यावर दुसरा थर चढवला, वर नव्या राज्याचं नाव घातलं, मजकूर तोच ठेवला. शेवटच्या ओळीत लिहिलं, "जबाबदार अधिकारी :" आणि कुंचला धुवायला घेतला.

समोर विजया दिघे उभी होती. वरच्याच मजल्यावर नऊ नंबरच्या खोलीत राहणारी, मुलींच्या शाळेतली मास्तरीण. वय तिशीच्या आतबाहेर, लग्न केलेलं नाही, आईवडील नाहीत. वाक्य अर्धवट दिसलं की तिला चैन पडत नसे.

"भय्या, पुढे नाव?"

"नाम ऊपर से आएगा, बहनजी."

"कोणाचं?"

"जिसका आएगा, उसका."

ते नाव आलं नाही. विजया मात्र पत्रं लिहीत राहिली. मध्यभारताची राजधानी सहा महिने ग्वाल्हेर, सहा महिने इंदूर. तिची दरख्वास्त इंदूरला पोचे तेव्हा कचेरी ग्वाल्हेरला निघालेली असे, आणि ग्वाल्हेरला पोचे तेव्हा कचेरी परत इंदूरला. एकदा उत्तर आलं. आपला अर्ज योग्य विभागाकडे पाठवला आहे. तो योग्य विभाग कुठला, हे पत्रात नव्हतं. विजयानं ते पत्र जपून ठेवलं. मला तिचा राग येई आणि मायाही येई. इतका विश्वास ठेवायचा असतो का कागदावर?

आता चौमंजिल्यातल्या दोन माणसांची ओळख करून देते. एक नंबरच्या खोलीत भय्यासाहेब. जुन्या दप्तरी घराण्यातले, निवृत्त, उमदे. कोणाच्या घरी दुखणं असो की बारसं, हे पुढे. त्यांना वाईट म्हणाल तर खोटं बोलाल. आणि दहा नंबरात जयू, विजयाची शेजारीण आणि जिवाभावाची मैत्रीण. नवरा रमेश बँकेत. जयूला बोलायला विषय लागत नसे.

तिची तुळस गॅलरीच्या त्याच कोपऱ्यात, तुपाच्या जुन्या डब्यात. तिच्या देखादेखी आणखी चार डबे आले. सगळ्याजणी आंघोळ करून तांब्याभर पाणी घालणार, हात जोडणार. उरलेलं पाणी फळ्यांतून झिरपत माझ्या बहिणीच्या कच्च्या टोकात. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस.

"जयू, हे डबे हलवू या ग. पाटीवर लिहिलंय," विजया म्हणे.

"तुळशीला पाणी घालू नको म्हणतेस? उद्या म्हणशील श्वास पण इजाजत घेऊन घ्या! विजू, तू ना शादी करून घे. नवऱ्याची फिकर लागली की तुळईची सुटेल."

दोघी हसत. डबे तिथेच राहत.

आणि मग श्रावण. उज्जैनला श्रावण दोन असतात, बरं का. इथल्या लोकांचा पौर्णिमेनंतर लागतो, आमच्या मराठी घरांचा पंधरा दिवसांनी. महाकाल दोघांचाही, म्हणून त्याच्या सवाऱ्या दोन्ही श्रावणांतल्या सोमवारी निघतात. पालखी आमच्या रस्त्यानं जाई. शेवटच्या मोठ्या सवारीला तर रस्त्यावर तीळ ठेवायला जागा नसे आणि सगळं गाव ओळखी काढून गॅलऱ्या शोधे.

पहिल्याच वर्षी, गडकर गेल्यावर, भय्यासाहेब माझ्यासमोर येऊन थांबले. कपाळाला आठी.

"विजयाबाई, तुमचं बराबर आहे. पण खालून साक्षात महाकाल जाणार आणि आपण वर 'जीवास धोका' लिहून टांगायचं? देवाच्या वाटेवर असं अभद्र? बरं दिसतं का?"

त्यांनी घरातली भैरवगढ़ची छापील चादर आणली, तांबड्या-काळ्या बुट्ट्यांची, सुरेख, आणि दोन टाचण्यांनी माझ्या तोंडावर टाकली. खालून बघणाऱ्यांनी वाखाणली. तेव्हापासून रिवाजच पडला. वर्षभर गॅलरीत चार माणसं असताना मी उघडी, आणि ज्या दिवशी गर्दी होणार त्या दिवशी माझं तोंड झाकलेलं. मित्रांनो, मी लाकूड आहे. पण ही अक्कल मला अजून समजलेली नाही.

त्या सोमवारी विजया दारात उभी राही आणि आडवा हात धरून माणसं मोजी. बारा झाले की पुरे. लोक चिडत, "दिघेबाईंची शाळा सुरू झाली!" म्हणत. पण ऐकत. असे आठनऊ श्रावण गेले.

छप्पन साली पुन्हा राज्यं मोडली आणि नवी जोडली. मध्यभारत गेला, मध्यप्रदेश आला, राजधानी भोपाळ. विजयाच्या सगळ्या दरख्वास्ती, म्हणे, एका पेटीत बंद होऊन भोपाळला गेल्या. पुन्हा पेंटर आला. तिसरा थर. वर नवं नाव, खाली तीच ओळ, "जबाबदार अधिकारी :" आणि पुढे कोरं.

त्या दिवशी विजयानं पेंटरच्या हातातला कुंचला मागून घेतला. रिकाम्या जागेत शाळेतल्या फळ्यावर लिहितात तशा वळणदार अक्षरांत तिनं लिहिलं, "तोपर्यंत, विजया दिघे, खोली ९."

जयू बघत होती. "आता काय, तुळई डोक्यावर धरणार तू?"

"नाही ग. पण कोणी सांगायला आलं तर दार ठोठावायला एक घर तरी हवं."

मला त्या दिवशी फार बरं वाटलं. आठ वर्षांनी माझं वाक्य पुरं झालं होतं. पुरं झालेलं वाक्य एखाद्याच्या गळ्याला फास होऊ शकतं, हे मला कुठे ठाऊक होतं!

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी विजया जिन्याच्या खिडकीतून वाकली. तिनं केसातला आकडा काढला आणि कोपऱ्याच्या तुळईत खुपसला. सागवानात आकडा वाकायला हवा. तो अर्धा आत गेला, लोण्यात जावा तसा. बाहेर काढला तर टोकाला ओला काळा भुसा.

तो भुसा पुडीत बांधून ती कचेरीत गेली. तिथे नवे साहेब आले होते, दूर जबलपूरकडून, या गावाला अगदीच नवखे. माणूस वाईट नव्हता. पुडी उघडून बघितली आणि म्हणाला, "फ़ाइल तो आ जाने दीजिए. बारिश के बाद देखते हैं." तिनं परत येऊन भय्यासाहेबांना सांगितलं, गॅलरीला निदान खालून टेकू द्यायला हवेत, आणि ते त्या साहेबाच्या सहीशिवाय होणार नाही.

भय्यासाहेब हसले. "अहो, काम असं होत नसतं. साहेबांना घरच्यांसकट मोठ्या सवारीला बोलावू. वरून दर्शन करवू, पुरणपोळी खाऊ घालू. एकदा घरी येऊन बसलेला माणूस ना म्हणत नाही."

"पण याच गॅलरीत?"

"मग कुठल्या? सवारी काय जिन्यातून दिसते?"

विजया गप्प बसली. हे तिचं गप्प बसणं मी विसरत नाही. तिला वाटलं, साहेब आपल्या डोळ्यांनी तुळई बघतील. मी दाखवीन. मग ते सही करतील, त्यांचं नाव त्या ओळीत येईल आणि माझं पुसून टाकता येईल. दहा वर्षं ज्याच्यामागे धावली, ते पाहुणा होऊन दारात येणार होतं. कोणीही भुललं असतं.

शेवटचा सोमवार उजाडला. माझ्यावर चादर पडली. चादर झिरझिरीत होती, बुट्ट्यांच्या मधून मला दिसत होतं. दुपारपासून माणसं येऊ लागली. विजयानं मोजून बारा आत घेतली आणि हात आडवा धरला. खालून झांजांचा आवाज जवळ येत होता. तेवढ्यात भय्यासाहेब वर आले. मागे साहेब, त्यांची बायको, सासू, दोन बहिणी, मेव्हणा. साहेबांच्या बायकोच्या हातात फुलांची परडी होती आणि ती लहान मुलीसारखी खुशीत होती.

"विजयाबाई, हात काढा. पाहुणे आहेत."

"आतली सहा माणसं बाहेर येऊ देत, मग."

"आपलीच माणसं दर्शन टाकून बाहेर? सणाच्या दिवशी? काय बोलता!" मग आवाज उतरवून, "यांच्याच सहीसाठी मरताय ना तुम्ही?"

विजयानं माझ्याकडे पाहिलं. तिला नुसतं बोट दाखवायचं होतं. साहेब परके होते, परका माणूस पाटी वाचतो. हिंदीत लिहिलेलं होतं, ठळक. पण तिच्यासमोर बुट्टीदार चादर होती. चादर ओढून काढायला तिनं हात उचलला, आणि साहेबांच्या सासूबाई प्रेमानं म्हणाल्या, "कितनी सुंदर छपाई है, बेटी!" विजयाचा उचललेला हात खाली आला. आडवा हातही खाली आला. पाहुणे आत गेले.

आत जयूनं यजमानीण म्हणून सूत्रं हातात घेतली. "सरका ग सगळ्या कोपऱ्यात! पाहुण्यांना मधे उभं राहू द्या, त्यांना नीट दिसू दे." आपल्या बायका कोपऱ्यात सरकल्या. सगळ्यात टोकाला, तुळशीच्या डब्याला खेटून, जयू स्वतः.

पालखी आली. "जय महाकाल!" झालं. फुलं उडाली. पालखी पुढे गेली आणि ती वळणाआड जाताना दिसावी म्हणून सगळे डावीकडे वाकले, कोपऱ्याकडे.

लाकूड तुटायच्या आधी कण्हतं. माझी बहीण कण्हली. मी ऐकलं. भिंतीवर ठोकलेल्या पाटीला ओरडता येत नाही.

कोपरा तेवढाच गेला. सहा नंबरातली शोभा खाली बांगडीवाल्याच्या कापडी छतावर पडली, तिचा हात मोडला. जयू खाली रस्त्याच्या फरशीवर पडली. तिच्याबरोबर तुळशीचा डबा. ती जागच्या जागी गेली. पाहुण्यांपैकी कोणाला साधं खरचटलंही नाही, कारण आम्ही त्यांना चांगली जागा दिली होती.

महिन्याभरात चौकशी आली. भोपाळहून तीन माणसं. त्यांनी चादर काढली आणि मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. दहा वर्षांत इतकं नीट मला कोणी वाचलं नव्हतं. एकजण समाधानानं म्हणाला, "चेतावनी तो साफ़ है." म्हणजे खात्यानं आपलं काम केलेलं होतं. मग बोट शेवटच्या ओळीवर आलं.

"ये विजया दिघे कौन?"

"मी."

"नाम आपने खुद लिखा? किस अधिकार से?"

"कोणीच नव्हतं म्हणून."

कारकुनानं पहिला प्रश्न लिहिला, पहिलं उत्तर लिहिलं. शेवटचं उत्तर त्यानं लिहिलं नाही. मी वरून बघत होते.

भय्यासाहेबांना विचारलं, माणसं आत कोणी सोडली? जयूच्या तिरडीला खांदा देऊन आल्यापासून ते जेवतही नव्हते नीट. ते जमिनीकडे बघून म्हणाले, "दरवाज्यावर विजयाबाई होत्या." यात एक शब्द खोटा नव्हता. मला खोट्याचा इतका राग कधी आला नाही, जितका त्या खऱ्याचा आला.

सगळ्यात शेवटी रमेश आला. दहा नंबरची खोली तो सोडून चालला होता. विजया जिन्यात उभी होती. तो तिला एवढंच म्हणाला, "तू दारात होतीस ना?" उत्तराची वाट न बघता उतरून गेला.

अहवालात विजयाचं नाव आलं. स्वतःहून जबाबदारी घेतली आणि पार पाडली नाही. तिची बदली झाली, दूर, जिथे तिची कोणाशीही ओळख नव्हती. जायच्या दिवशी ती माझ्यासमोर आली. पदराचं टोक तिनं रॉकेलात भिजवून आणलं होतं. एका फटक्यात तिचं नाव पुसलं गेलं असतं. अक्षरांना तिनं पदर लावला, आणि मागे घेतला.

"राहू दे," ती मला म्हणाली. "कोणाचं तरी असू दे."

तिच्यामागे शिपाई आले. त्यांनी मला उतरवलं, पाठीवर लाख लावून मोहोर उमटवली आणि पुरावा म्हणून कोठारात भिंतीकडे तोंड करून उभं केलं. वर्षं गेली. प्रकरण मिटलं, पण सागवान चांगलं होतं. नुकतंच मला बाहेर काढलं आणि गावाच्या नव्या भागात, फ्रीगंजात, टावर चौकापलीकडे आणलं. इथे पाच मजली इमारत उठली आहे, नवी कोरी, सिमेंटची. जिना अरुंद आहे, गच्चीच्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही. माझ्यावर चौथा थर चढला. सावधान, धोका, कळवावे, सगळं झोकात लिहून झालं. शेवटची ओळ आली: "जबाबदार अधिकारी :"

खोलीत सामान लावून आलेल्या एका बाईनं विचारलं, "भय्या, आगे नाम?"

पेंटर कुंचला धूत म्हणाला, "ऊपर से आएगा, बहनजी."

मित्रांनो, मी लाकूड आहे, माझं एवढंच ऐका. तुमच्या जिन्यात माझी एखादी बहीण असेल, तर सगळं वाचायला वेळ नसला तरी चालेल, तिची शेवटची ओळ वाचा. सणाच्या दिवशी तिच्यावर चादर टाकू नका. देव काही अक्षरांना घाबरत नाही. ओळ कोरी असेल तर विचारत राहा. आणि तिथे एखाद्या भल्या माणसानं आपलं नाव लिहिलेलं दिसलं, तर त्याला एकट्याला दारात उभं करू नका.

सकाळी तिरपं ऊन पडलं की माझ्या नव्या रंगाखालून जुनी वळणदार अक्षरं अजून वर येतात. ती नवी बाई काल बराच वेळ थांबून ती वाचत होती. आज येताना तिच्या हातात खडू आहे.